मामाचा गिअरबॉक्स

मेदासेचं खरं नाव क्वाबेना निमाको. पण कुमासीतल्या गॅरेजांच्या वस्तीत, सुआमे मॅगझिनमध्ये, कुणी त्याला त्या नावानं हाक मारली असती, तर त्यानं मागे वळूनही पाहिलं नसतं. आमच्याकडे ड्रायव्हरला त्याच्या गाडीच्या पाठीवर जे लिहिलेलं असतं त्याच नावानं ओळखतात. एक जण 'घाई कशाला' होता, एक 'लोक बोलणारच', आणि एक ढेरपोट्या माणूस सत्तरीतही 'छोटी सुरुवात' होता. निमाकोच्या गाडीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'वोफा, मेदासे'. म्हणजे 'मामा, तुझे उपकार'. एवढं लांब कोण बोलणार? म्हणून मेदासे.

मी अत्ताकोरा. मॅगझिनमध्ये मला मास्टर म्हणतात. तिथे पाना धरणारा प्रत्येक जण स्वतःला मास्टरच म्हणवतो, पण मी खराखुरा आहे. मी फक्त गिअरबॉक्स करतो. इंजिनवाले मोठमोठ्यानं बोलतात, रंगवाले गाणी म्हणतात, आणि आम्ही गिअरबॉक्सवाले उताणे पडून दुसऱ्याच्या गाडीचं तेल तोंडावर झेलतो. त्यामुळे आमचा स्वभाव जरा तिखट होतो. बायको म्हणते, जरा नाही.

मेदासेची गाडी फ्रेंच बनावटीची पाचशेचार, मागे लांब, तीन रांगांची. त्याच्या मामानं ती कोकोच्या पिकाच्या चांगल्या वर्षी कोरी करकरीत घेतली होती. मामा गेला तेव्हा गाडी मेदासेकडे आली, कारण तो बहिणीचा मुलगा. आम्हा अशांती जमातीच्या लोकांत घराणं आईकडून चालतं. मामाचं ते भाच्याचं. मामाची स्वतःची पोरं त्यांच्या आईच्या घराण्याची, त्यांनी त्यांच्या मामाकडे बघावं. पद्धत जुनी आहे, आणि ज्याला मिळतं त्याला ती फार शहाणपणाची वाटते.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मेदासे मला सोबत घेऊन गेला होता, चालू करून बघायला. तेव्हा आम्ही दोघंही तिशीच्या आतले. मामाचा मुलगा अंगणात उभा होता. दहा वर्षांचा असल्यापासून तो ती गाडी पुसत आला होता. त्यानं मेदासेच्या हातात चावी दिली, आणि मग गाडी पुसायचं फडकं, नीट घडी घालून, तेही दिलं.

पुढे कधी दोन घोट पोटात गेले की मेदासे हटकून त्यावर यायचा. "चावी दिली ते बरोबर आहे, अत्ता. पण फडकं कशाला दिलं त्यानं?"

"गाडी पुसायला."

"तू गाढव आहेस."

"असेन. पण तुझी गाडी या गाढवामुळे चालते."

तीस वर्षं ती चालली. कुमासीहून ओफिन्सोवरून टेचिमान, आणि परत. तीस वर्षांत कुठल्या गाडीचं काय शिल्लक राहतं? इंजिन गेलं, त्यानं स्वतःच्या कमाईतून दुसरं बसवलं. अबोफोरजवळ लाकडाच्या ट्रकनं ठोकलं तेव्हा अख्खी बॉडी गेली. भंगारातल्या एका गाडीची बॉडी आणून तिच्यावर पुन्हा तीच पिवळी अक्षरं लिहिली. मागचा धुरा, स्टिअरिंग, सीटा, दारं, सगळं एकेक करून बदललं. राहिला फक्त गिअरबॉक्स. तो मामाचा. आणि तो राहिला कारण तो माझ्या हाताखाली होता, हे मी सांगायला लाजत नाही.

मेदासेला एकच मुलगी, आफिया बिरागो. बायको मरून बरीच वर्षं झाली होती. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा बिरागो स्टिअरिंगवर बसली. आमच्या रस्त्यावर बाई ड्रायव्हर म्हणजे लोकांना फुकटचा तमाशा. स्टँडवर पोरं ओरडायची, "ताई, चूल पेटवून आलीस का?" ती म्हणायची, "आले. तुझ्या आईला सांग भांडी घासून ठेव." ती बुटकी होती. सीटवर एक जाड उशी ठेवून त्यावर बसायची, तेव्हा कुठे तिला रस्ता दिसायचा. सहा वर्षं तिनं गाडी चालवली आणि एका कोंबडीलाही धक्का लावला नाही. घर त्या गाडीवर चालत होतं, आणि बापाचं औषधही.

मग गिअरबॉक्स गळायला लागला. आधी रात्रभरात दोन-चार थेंब. नंतर गाडी उभी राहील तिथे बशीएवढा डाग. मी मागचं सील बदललं. महिन्याभरात पुन्हा गळती. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

त्या वर्षी वाळवंटाकडून येणाऱ्या हर्मट्टान वाऱ्याचा धुरळा लवकर आला होता. सगळ्या मॅगझिनवर पिठासारखी माती बसलेली. मेदासे काठी टेकत माझ्या शेडमध्ये आला, बाकावर बसला, आणि म्हणाला, "अत्ता, आता हा डबा बदल."

"काय बदल?"

"गिअरबॉक्स. होम-यूज्ड मिळतोय. मी बोलून आलोय."

होम-यूज्ड म्हणजे युरोपातल्या मेलेल्या गाड्यांचे अवयव, कंटेनरमधून येतात. वाईट नसतात. पण मला ते शब्द त्याच्या तोंडून ऐकून मिरची लागली.

"पैसे जास्त झालेत का तुला?"

"पैशांचा प्रश्न नाही. बदल म्हणतो ना. आणि जुना मला पोत्यात घालून दे."

जुना सुटा भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा ही आमची रीतच आहे, नाहीतर लोक म्हणतील आपण बदललाच नाही. म्हणून त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसरंच. तीस वर्षं मी हा डबा जिवंत ठेवला, आणि हा आंधळा म्हणतो फेकून दे.

"दुरुस्त होईल तो," मी म्हणालो.

"तीनदा केलास."

हे त्यानं बोलायला नको होतं. किंवा मी ऐकायला नको होतं.

"गुरुवारी ये," मी म्हणालो. "गुरुवारी गाडी तयार मिळेल."

"बदलून?"

"गुरुवारी ये म्हटलं ना."

तो उठला. दारात जरा थांबला, काहीतरी सांगायचं असल्यासारखा. मग धुरळ्यात खोकत निघून गेला. त्यानं सांगितलं का नाही? आमच्यात जिवंत माणसानं आपल्या मागच्या वाटणीचं घराबाहेर बोलायचं नसतं. बोललं की मरण दाराशी येऊन ऐकत बसतं म्हणतात. आणि मी विचारलं का नाही? कारण मी रागावलेलो होतो. माझी कारणं नेहमी सोपी असतात.

त्या दिवशी मी डबा उतरवला आणि पार सुटा केला. खरा रोग सीलमध्ये नव्हताच. शेपटाकडचा बुश, म्हणजे शाफ्टला धरणारं कडं, झिजून शाफ्ट लटपटत होता, म्हणून नवं सीलही महिन्यात फाटायचं. शिवाय बोल्टाच्या कानाशी केसाएवढी चीर होती, तेलानं काळी पडलेली, म्हणून तिन्ही वेळा माझ्या नजरेतून सुटली. मी ती घासून वेल्डिंग केली. बुश कुठे मिळणार? पितळेचा चांगला तुकडा शोधला, लेथवर बसलो आणि स्वतः कातला. दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा असा बसला की शाफ्ट त्यात बोटानं फिरत होता आणि हलत मात्र नव्हता. त्याच्यासाठी आणून ठेवलेला होम-यूज्ड डबा मी दुकानदाराला परत पाठवला. त्यानं तो त्याच दुपारी टेचिमानच्या एकाला विकला.

बुधवारी मेदासेचा भाचा क्वासी अद्दै सहज माझ्याकडे आला. हा त्याच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. आडुमच्या बाजारात फोनची कव्हरं विकतो, मऊ बोलतो, आणि त्याला गाडी चालवता येत नाही. लोकांना गोष्टीत भाचा लबाड लागतो. हा नव्हता. मामाची गाडी दिसली म्हणून विचारायला आला होता, काय झालं.

मला श्रोता हवाच होता. आजूबाजूची पाच-सहा माणसं जमली होती. मी गाडीखाली पुठ्ठा सरकवला, इंजिन तासभर चालू ठेवलं, आणि पुठ्ठा बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. कोरा.

"तुझ्या मामाच्या मामाचा डबा आहे हा," मी क्वासीला म्हणालो. "अजून वीस वर्षं बघायला नको. तुझी पोरं चालवतील."

माणसं हसली, पाठीवर थाप पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी असं चारचौघांत, टाळ्या घेत केलं.

गुरुवारी मेदासे आला. मी पुठ्ठा त्याच्या हातात दिला. त्याला दिसत नव्हतं, म्हणून त्यानं त्यावर तळहात फिरवला, मग नाकाशी धरला.

"बदललास?"

"दुरुस्त केला. मजुरी नको. माझ्याकडून भेट समज."

तो बाकावर बसला. पुठ्ठा मांडीवर घट्ट धरला. मला वाटलं, उपकारानं गहिवरला. मी पाणी दिलं. मग तो हळू आवाजात बोलायला लागला, आणि मीही बसलो.

"अत्ता, या गाडीत मामाचं काय उरलंय?"

"गिअरबॉक्स."

"बाकीचं?"

"बाकीचं तुझं."

"मग मी काय करणार होतो? हा डबा पोत्यात घालून, पूर्वजांना ओतायला दारूची एक बाटली घेऊन ओफिन्सोला जाणार होतो. ओपानिन फ्रिम्पोंगच्या पायाशी ठेवून म्हणणार होतो, ही घ्या मामाची गाडी. घराण्यानं मला दिली, मी घराण्याला परत केली. आता दारात उभी आहे ती माझ्या घामाची. ती मी माझ्या हातानं बिरागोला देतो. तुला साक्षीला नेणार होतो."

ओपानिन फ्रिम्पोंग हा त्यांच्या घराण्याचा प्रमुख. गाडी घराण्याची राहिली तर मेदासेच्या मागे ती क्वासीची. मेदासेची स्वतःची ठरली, आणि त्यानं जिवंतपणी, साक्षीदारांसमोर, ती बाटली उघडून दिली, तर बिरागोची. एवढी साधी गोष्ट होती. तीस वर्षं त्या फडक्यावर विचार करून त्या माणसानं एक वाट शोधली होती, आणि ती मी वेल्डिंग करून बुजवली होती.

"मला सांगायचं नाहीस?" मी म्हणालो. माझा आवाज चढला. चूक आपली असली की माझा आवाज चढतो.

"बदल म्हणालो होतो."

मी दुकानदाराला फोन लावला.

"अजून एक कंटेनर येतोय," मी म्हणालो. "तीन आठवडे. आला की त्याच दिवशी बदलतो. हा डबा मी स्वतः डोक्यावर घेऊन ओफिन्सोला चालत येतो."

तो हसला. "चाळीस वर्षं थांबला हा डबा. तीन आठवडे थांबेल."

मग बिरागो गाडी न्यायला आली. तिनं विचारलं, "झालं का, बाबा?" तो म्हणाला, "झालं." एवढंच. तीन आठवड्यांसाठी तिच्या जिवाला घोर कशाला, असं त्याला वाटलं असणार. तिनं उशी झटकून सीटवर ठेवली, बापाला शेजारी बसवलं, आणि मला म्हणाली, "मास्टर, गिअरचा दांडा लोण्यातून फिरतोय." मी मान हलवली.

डबा थांबला. मेदासे थांबला नाही. बाराव्या दिवशी सकाळी बिरागो त्याची लापशी घेऊन गेली तेव्हा तो गार पडलेला होता.

त्याच दिवशी घराण्यातली माणसं आली आणि चावी घेऊन गेली. चाळिसाव्या दिवसापर्यंत मेलेल्याच्या वस्तूला कुणी हात लावायचा नसतो. गाडी ओफिन्सोच्या घराण्याच्या वाड्यात, आंब्याखाली उभी राहिली. कंटेनर ठरल्या दिवशी आला. दुकानदारानं निरोप पाठवला, तुझा डबा आलाय, छान आहे. मी सांगितलं, विकून टाक.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी बिरागोचा फोन आला. "मास्टर, उद्या तुम्ही याच. तुमचं काम आहे." मी म्हटलं, येणार नाही असं कसं होईल.

अंगणात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सगळे काळ्या-लाल कपड्यांत. पेयं फिरली, पूर्वजांसाठी जमिनीवर ओतून झालं, गेलेल्याबद्दल चांगलं बोलून झालं. मग वारसाचं निघालं. क्वासीचं नाव घेतलं गेलं, आणि कुणाची हरकत असायचं कारणच नव्हतं.

तेव्हा बिरागो उठली. शब्द नीट पाठ करून आणलेले होते. ती म्हणाली, "क्वासीदादा बाबांच्या जागी बसला याचा मला आनंद आहे. पण गाडी बाबांची स्वतःची होती. इंजिन त्यांचं, बॉडी त्यांची. बाबांच्या मामांचा फक्त गिअरबॉक्स होता, तो बाबांनी जायच्या आधी बदलून घेतला. जुना मास्टरांकडे आहे. तो इथं तुमच्यापुढे ठेवायचा आणि गाडी मला द्यायची, असं बाबांनी मला सांगून ठेवलं होतं."

मग ती माझ्याकडे वळली. विश्वासानं वळली.

"मास्टर, पोतं आणलंय ना?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी माझ्या हातांकडे बघत होतो.

क्वासी बोलला. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, तो स्वतःहून बोलला. "मला गाड्यांतलं कळत नाही. मास्टर म्हणतील ते मला मान्य आहे." त्यानं तो पुठ्ठा पाहिला होता. माझी बढाई त्यानं शब्दन् शब्द ऐकली होती. तरी तो जमिनीकडे बघत असं म्हणाला. तो मला दार उघडून देत होता.

मला फक्त म्हणायचं होतं, हो, बदलला, पोतं शेडमध्ये राहिलं. गाडीखाली जाऊन बघणारा तिथे कोण होता? आणि मी म्हणालो, "नाही. बदलला नाही. दुरुस्त केला. डबा मामाचाच आहे."

लोक नंतर म्हणाले, मास्टर खरा माणूस, पूर्वजांसमोर खोटं बोलला नाही. बोलू देत. मला मात्र ठाऊक आहे की तोंड उघडलं त्या क्षणी माझ्या मनात पूर्वज नव्हते. मनात तो पितळेचा बुश होता, तिसऱ्या खेपेला बसलेला. असलं काम माझ्या हातून झालंय आणि मी ते कुण्या परदेशी भंगाराच्या नावावर घालू, याला माझी जीभ वळली नाही. खरेपणा त्यात किती आणि माज किती, हे मी अजून सुटं करू शकलेलो नाही.

बिरागो बसली.

ओपानिन फ्रिम्पोंग म्हातारा, पंच्याऐंशीचा. "निमाकोनं तो डबा इथं आणून ठेवला असता," तो म्हणाला, "तर मी बाटली उघडली असती, पोरी. त्याच्या मामाची ती गाडी, तिनं किती जणांची मनं मोडली ते मी पाहिलंय. मी आनंदानं उघडली असती. पण परत करायचं ते जिवंत माणसानं करायचं असतं. मेलेल्याच्या वतीनं मी काय परत घेऊ?"

बिरागो उठून निघाली, तेव्हा क्वासी तिच्यामागे दारापर्यंत गेला. "बिरागो, तूच चालव गं. मला कुठे येते? आठवड्याला जमेल ते घराण्याला दे."

"माझ्या बापाच्या गाडीवर मी नोकर म्हणून बसू?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

मग ती आंब्याखाली गेली, गाडीचं दार उघडलं, आणि सीटवरची उशी काढून काखेत घेतली. बाकी काहीच घेतलं नाही. जाताना माझ्याजवळ थांबली. मी म्हटलं, आता ही थुंकली तरी बरं. ती म्हणाली, "काम चांगलं केलंत, मास्टर. एक थेंब गळली नाही ती." कायदा आहे, कोर्ट आहे, कुणीतरी तिला तसं सुचवलंही. पण बापाच्या घराण्याला कोर्टात खेचलेल्या मुलीनं पुढच्या मयताला कुणाच्या शेजारी बसायचं? ती गेली नाही. आता ती दुसऱ्याची व्हॅन चालवते, सुन्यानीच्या रस्त्यावर. उशी तीच आहे. मॅगझिनमध्ये कधी येते, ब्रेकवाल्याकडे. माझ्या शेडवरून जाताना "नमस्कार मास्टर" म्हणते. आपल्या माणसांवर रागावतात, तशी ती माझ्यावर कधी रागावली नाही.

क्वासीनं दोन ड्रायव्हर ठेवून पाहिले. एक बेवडा निघाला, दुसऱ्यानं क्लच जाळला. मग त्यानं नाद सोडला आणि गाडी पुन्हा आंब्याखाली लावली.

गेल्या महिन्यात ओफिन्सोला एका मयताला गेलो होतो, तेव्हा वाड्यात डोकावलो. दोन वर्षं झाली, गाडी आंब्याखालीच आहे. टायर बसलेत, टपावर कोंबड्या बसतात, पिवळी अक्षरं उन्हानं उडालीत, 'मेदासे' तेवढं वाचता येतं. मयताचे कपडे अंगावर होते तरी मी वाकलो, मग आडवा झालो, आणि गाडीखाली सरकलो. डब्याच्या पोटावरून, शेपटावरून, त्या चिरेवरून हात फिरवला. खालची माती चाचपली.

हात कोरडा निघाला.